ॲलन ट्युरिंग: यंत्राच्या पोटात यंत्र

तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवता किंवा तिकीट काढता, तेव्हा पलीकडे उत्तर देणारा संगणक बऱ्याचदा खराखुरा, हात लावता येईल असा नसतो. एका मोठ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला तो दुसरा संगणक असतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा मोठा संगणक म्हणजे यजमान आणि आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे पाहुणा. एका यजमानाकडे असे डझनभर पाहुणे सुखाने राहतात आणि आपण कुणाच्या घरात आहोत याची त्यांना बहुधा कल्पनाही नसते.

पण पाहुण्याला घराची माहिती तर हवीच. किती प्रोसेसर आहेत? त्यांतले कोणते एकमेकांचे सख्खे शेजारी? कोणती मेमरी कुणाच्या जवळ? ही माहिती यजमान काही तक्त्यांमध्ये लिहून ठेवतो आणि पाहुणा सुरू होता होता ते तक्ते वाचतो. तक्ता चुकला, तर सगळं चालतं पण रखडत चालतं, किंवा विकत घेतलेले प्रोसेसर वापरलेच जात नाहीत.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं वर्णन तक्त्यातून वाचायचं, ही कल्पना आली तेव्हा जगात आजच्या अर्थाचा एकही संगणक नव्हता. साल होतं १९३६ आणि ती मांडणारा ॲलन ट्युरिंग तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

छत्रपूर ते केंब्रिज

ट्युरिंगचं घर हिंदुस्थानशी बांधलेलं होतं. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते आणि त्यांची नेमणूक छत्रपूरला, म्हणजे आजच्या ओडिशात होती. आई एथेल सारा ही मद्रासकडच्या रेल्वेच्या मुख्य अभियंत्याची, एडवर्ड स्टोनी यांची मुलगी. थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. ॲलनच्या वेळी मात्र आईवडील रजेवर इंग्लंडला गेले आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये त्याचा जन्म झाला.

हिंदुस्थानातली हवा मुलांना मानवणार नाही, असं त्या काळचे इंग्रज अधिकारी धरून चालत. त्यामुळे दोन्ही मुलांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलं गेलं. आईवडील यायचे, जायचे. साहेबाच्या राज्यकारभाराची किंमत साहेबाच्या पोरांनीही मोजली, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

१९२६ मध्ये ट्युरिंग शेरबोर्नच्या शाळेत दाखल झाला, नेमका देशभर संप सुरू असताना. गाड्या बंद. तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एका खाणावळीत मुक्काम केला आणि साठ मैल तुडवून शाळेत हजर झाला. शाळेला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिथे लॅटिन-ग्रीकला मान होता, गणित-विज्ञानाला कमी. याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम भेटला. वयाने थोडा मोठा, तितकाच हुशार, तारे आणि रसायनं यांत रमणारा. ट्युरिंगचा त्याच्यावर जीव जडला. फेब्रुवारी १९३० मध्ये मॉरकॉम क्षयाने अचानक गेला. त्यानंतर ट्युरिंग मॉरकॉमच्या आईला बरीच वर्षं पत्रं लिहीत राहिला. शरीर संपल्यावर मनाचं काय होतं, मन हे यंत्रासारखं असतं का, हे प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे लागले, असं त्याचे चरित्रकार मानतात.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथला फेलो झाला.

तक्ता म्हणजेच यंत्र

त्या वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत त्याने जर्मन गणिती हिल्बर्ट यांचा एक प्रश्न ऐकला. कोणतंही गणिती विधान हातात दिलं, तर ते सिद्ध होण्याजोगं आहे की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक, डोकं न चालवता वापरता येईल अशी रीत आहे का?

ट्युरिंगने आधी वेगळाच प्रश्न विचारला. डोकं न चालवता वापरायची रीत म्हणजे नेमकं काय? त्याने डोळ्यांसमोर एक कारकून आणला, चौकटीच्या कागदावर आकडेमोड करणारा. तो एका वेळी एका चौकटीकडे पाहतो, तिथलं चिन्ह वाचतो, हवं तर खोडून दुसरं लिहितो आणि शेजारच्या चौकटीकडे सरकतो. पुढे काय करायचं हे दोनच गोष्टींवर ठरतं: समोर काय लिहिलंय आणि काम कोणत्या टप्प्यावर आलंय. मग कारकुनाची गरजच काय? चौकटींची एक लांबच लांब फीत घ्या, वाचणारं-लिहिणारं एक डोकं घ्या आणि एक तक्ता घ्या. अमुक टप्प्यावर असताना तमुक चिन्ह दिसलं तर हे लिही, डावीकडे किंवा उजवीकडे सरक, आणि पुढच्या टप्प्यावर जा. बस, यंत्र तयार. खरं तर तो तक्ता म्हणजेच यंत्र.

आता खरी गंमत. तक्ता हा शेवटी मजकूर आहे. मजकूर फितीवर लिहिता येतो. म्हणजे एका यंत्राचा तक्ता फितीवर लिहून दुसऱ्या यंत्राला वाचायला देता येईल. ट्युरिंगने असं एक यंत्र कागदावर बांधलं की ज्याला कोणत्याही यंत्राचा तक्ता दिला तर ते हुबेहूब त्या यंत्रासारखं वागेल. हे त्याचं सार्वत्रिक यंत्र. बेरीज करायला एक यंत्र, वर्गमूळ काढायला दुसरं, असं करायची गरज उरली नाही. एकाच यंत्राच्या पोटात बाकीची सगळी.

याच यंत्राच्या मदतीने त्याने दाखवलं की हिल्बर्टना हवी तशी रीत असूच शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनीही थोडं आधी वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला होता. ट्युरिंग मग प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये चर्च यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट घेऊन परतला. जॉन फॉन नॉयमन यांनी तिथेच नोकरी देऊ केली होती, ती त्याने नाकारली.

एक गोष्ट सांगायची राहिली. सार्वत्रिक यंत्राचा तो मूळ तक्ता बिनचूक नव्हता. काही वर्षांनी डोनाल्ड डेव्हिस नावाच्या तरुण सहकाऱ्याला त्यात चुका सापडल्या आणि तो त्या दाखवायला गेला, तेव्हा ट्युरिंग वैतागला. गणिताच्या दृष्टीने त्या किरकोळ होत्या, पण यंत्र खरंच बांधलं असतं तर अडकलं असतं. आजचे प्रोग्रामर हे ऐकून नक्की हसतील.

पाहुण्याच्या हातातले तक्ते

इथे थोडं थांबून आजच्या व्हर्च्युअल मशीनकडे पाहू, कारण ट्युरिंगच्या कल्पनेत आणि आजच्या व्यवहारात एक मोठा फरक आहे. ट्युरिंगच्या यंत्रात पाहुण्याचं वर्णन यजमान वाचतो. आज त्याच्या जोडीला उलटा तक्ताही लागतो: यजमान पाहुण्याला सांगतो की बाबा, तू अशा अशा यंत्रावर चालतो आहेस. १९३६ च्या कागदावर याची गरज नव्हती. तिथे फीत अनंत होती आणि वेळेला किंमत नव्हती. उत्तर शंभर पावलांत येवो की शंभर कोटी, उत्तर तेच. खऱ्या जगात मात्र अंतराला किंमत असते.

ही अंतराची गोष्ट भोर आणि वेल्हे तालुक्यांत फिरलेल्या माणसाला लगेच समजेल (वेल्हे आता राजगड तालुका झाला आहे, पण तोंडात जुनंच नाव बसलंय). राजगडाच्या उत्तरेला पायथ्याशी गुंजवणे, वेल्हे तालुक्यात. दक्षिणेला भुतोंडे, भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या बाजूला. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही गावं अगदी जवळ. पण मध्ये गड आणि त्याची डोंगररांग. गाडीने जायचं तर मोठा वळसा.

आता कल्पना करा, या भागात नवा अधिकारी बदलून आला आहे. त्याच्या हातात गावांची नुसती यादी दिली तर त्याला गावं किती हे कळेल, पण काम वाटता येणार नाही. एकाच माणसाला गुंजवणे आणि भुतोंडे अशी दोन्ही गावं दिली तर त्याचा दिवस रस्त्यात जाईल. त्याला तीन गोष्टी हव्यात: गावांची यादी, कोणतं गाव कोणत्या खोऱ्यात, आणि खोऱ्या-खोऱ्यांमधलं रस्त्याचं अंतर.

संगणकातही हेच तीन तक्ते आहेत. आजच्या प्रोसेसरची रचना खोऱ्यांसारखीच एकात एक बसलेली असते. सगळ्यात आत थ्रेड. दोन थ्रेड मिळून बऱ्याचदा एक कोअर होतो, म्हणजे एकाच चुलीवर आळीपाळीने स्वयंपाक करणाऱ्या दोन सुना. अनेक कोअर मिळून एक चिप, जी सॉकेटमध्ये बसते. काही कोअरांची मिळून एक सामाईक कॅश असते, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी. मोठ्या सर्व्हरमध्ये दोन किंवा जास्त सॉकेट असतात आणि प्रत्येकाजवळ आपापली मुख्य मेमरी. दुसऱ्या सॉकेटजवळची मेमरीही वापरता येते, पण ती गडापलीकडच्या गावासारखी. पोहोचायला वेळ लागतो.

हे सगळं सांगण्याची एक ठरलेली पद्धत आहे, एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. संगणक सुरू होताना फर्मवेअर हे तक्ते मेमरीत मांडून ठेवतं. एमएडीटी नावाच्या तक्त्यात प्रोसेसरांची यादी. एसआरएटीमध्ये कोणता प्रोसेसर आणि कोणती मेमरी एका खोऱ्यात. एसएलआयटीमध्ये अंतरं: स्वतःपासून स्वतःचं अंतर १० धरायचं आणि बाकीची त्या मानाने. २० लिहिलं तर दुप्पट लांब. थ्रेड, कोअर आणि कॅश यांचा वंशवृक्ष सांगणारा पीपीटीटी हा तक्ता २०१७ च्या एसीपीआय ६.२ आवृत्तीत आला. त्याची गरज मुख्यतः एआरएम जातीच्या प्रोसेसरांना. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरला ही माहिती सीपीयूआयडी नावाच्या आज्ञेने थेट विचारता येते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये फर्मवेअर हेसुद्धा सॉफ्टवेअरच असतं. तक्त्यांचा मजकूर हायपरव्हायजर, म्हणजे यजमानाचा कारभारी, तयार करून देतो. क्यूईएमयूसारख्या कारभाऱ्याला मालकाने सांगायचं की पाहुण्याला इतके सॉकेट, प्रत्येकात इतके कोअर, प्रत्येकात इतके थ्रेड दाखव. तो तसे तक्ते भरतो. पाहुण्याने सीपीयूआयडी विचारलं तर कारभारी तो प्रश्न मध्येच अडवतो आणि ठरलेलं उत्तर देतो. थोडक्यात, पाहुण्याला घर तेवढंच आणि तसंच दिसतं जसं त्याला सांगितलेलं असतं.

आणि इथेच घोटाळे होतात. विंडोज १० च्या होम आवृत्तीला एकच सॉकेट चालतो, प्रो आवृत्तीला दोन. कुणी पाहुण्याला आठ प्रोसेसर दिले, पण तक्त्यात ते आठ वेगवेगळे सॉकेट म्हणून लिहिले, तर विंडोज १० प्रो त्यातले दोनच वापरणार. बाकीचे सहा नुसते बसून. तक्त्यात एक सॉकेट, आठ कोअर असं लिहिलं की काम झालं. प्रोसेसर तेच, बदललं फक्त वर्णन. दुसरा घोटाळा जास्त लबाड. एकाच कोअरचे दोन थ्रेड पाहुण्याला दोन स्वतंत्र कोअर म्हणून दाखवले, तर तो दोन जड कामं त्यांच्यावर टाकतो आणि दोन्ही का रखडतात हे त्याला कळत नाही.

खरं तेच सांगावं, मग प्रश्नच नाही, असं वाटेल. पण यजमान पाहुण्याचे प्रोसेसर सोयीनुसार खऱ्या कोअरांवर इकडून तिकडे हलवत असतो. आत्ता खरा असलेला तक्ता पुढच्या क्षणी खोटा ठरतो. त्यामुळे पाहुण्याचे प्रोसेसर ठरावीक कोअरांना बांधून ठेवणार असाल तरच बारीक तपशील सांगण्यात अर्थ आहे. नाहीतर साधं, सपाट वर्णन बरं. माझ्या मते अर्धवट खरा तक्ता कोऱ्या तक्त्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण पाहुणा त्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो. शिवाय चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतं. घर बदलतं, पण पाहुण्याच्या हातातला नकाशा जुनाच राहतो.

ब्लेचली

४ सप्टेंबर १९३९. इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून एकच दिवस झाला होता. ट्युरिंग ब्लेचली पार्क या संकेतलिपी फोडणाऱ्या केंद्रात रुजू झाला. युद्धातली त्याची कामगिरी चित्रपटांमुळे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे थोडक्यात. जर्मनांचं एनिग्मा यंत्र संदेशातलं प्रत्येक अक्षर बदलायचं आणि यंत्राची मांडणी रोज बदलायची. पोलंडच्या रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तीन गणितींनी युद्धाआधीच एनिग्मा भेदला होता आणि आपलं ज्ञान इंग्रजांना दिलं होतं. सिनेमावाले हे फार चटकन विसरतात. त्या पायावर ट्युरिंगने बॉम्ब नावाचं यंत्र रचलं आणि गॉर्डन वेल्चमन यांनी ते सुधारलं. संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या मांडण्या यंत्राने झपाट्याने बाद करायच्या. एका बॉम्बमध्ये सहसा ३६ एनिग्मा यंत्रांच्या नकला बसवलेल्या असत. इथेही एका यंत्राच्या पोटात दुसरी यंत्रं आहेतच, फक्त तारा आणि चाकांची. युद्ध संपेपर्यंत असे दोनशेहून अधिक बॉम्ब चालू होते. जर्मन पाणबुड्यांच्या संदेशांचं काम ट्युरिंगच्या हट ८ कडे होतं आणि अटलांटिकमधून इंग्लंडला येणारं धान्य-तेल त्यावर अवलंबून होतं.

माणूस तऱ्हेवाईक होता. परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. कप चोरीला जाऊ नये म्हणून तो साखळीने रेडिएटरला बांधून ठेवायचा. जर्मन आले तर पैसे बुडतील या भीतीने त्याने चांदीच्या लगडी जंगलात पुरल्या आणि नंतर त्या त्याला कधीच सापडल्या नाहीत. १९४१ मध्ये सहकारी जोन क्लार्कशी त्याने लग्न ठरवलं, आपल्याला पुरुष आवडतात हे तिला सांगितलं आणि काही महिन्यांनी स्वतःच ते मोडलं. मैत्री मात्र टिकली.

पाऱ्यातून फिरणारे आकडे

१९४५ मध्ये ट्युरिंग लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला. आता सार्वत्रिक यंत्र कागदावरून जमिनीवर आणायचं होतं. त्याचं नाव एसीई. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याने सविस्तर आराखडा सादर केला, मंडलांच्या तपशिलांपासून खर्चाच्या अंदाजापर्यंत. खर्च ११,२०० पौंड लिहिला होता, जो भलताच आशावादी ठरला.

आणि इथे त्याची अंतराशी गाठ पडली. फीत आता अनंत नव्हती. मेमरीसाठी पाऱ्याने भरलेल्या, सुमारे दीड मीटर लांबीच्या नळ्या वापरायच्या होत्या. विजेचा ठोका नळीच्या एका टोकाला ध्वनिलहर होऊन शिरतो, पाऱ्यातून प्रवास करतो, दुसऱ्या टोकाला पुन्हा वीज होतो आणि परत सुरुवातीला पाठवला जातो. अशा एका नळीत १,०२४ ठोके सतत फिरत राहतात आणि एक फेरी सुमारे एका मिलिसेकंदात पूर्ण होते. म्हणजे हवा तो आकडा हवा तेव्हा मिळत नाही. तो फिरत फिरत तोंडाशी येईपर्यंत थांबावं लागतं. एसटी नुकतीच सुटली असेल तर पुढच्या फेरीपर्यंत फलाटावर बसा, तसंच.

आज्ञाही याच नळ्यांत. एकापुढे एक ठेवल्या तर पहिली पार पडेपर्यंत दुसरी तोंडावरून निघून गेलेली असते आणि पूर्ण फेरी वाया जाते. आराखड्याच्या पुढच्या आवृत्त्यांत यावर उपाय निघाला: प्रत्येक आज्ञेतच पुढची आज्ञा कुठे आहे ते लिहायचं आणि ती अशा जागी ठेवायची की गरज पडेल त्याच क्षणी ती तोंडाशी येईल. प्रोग्राम लिहिणाऱ्याला गणिताबरोबर नळीचं वेळापत्रकही डोक्यात ठेवावं लागे. त्रासदायक काम, पण यंत्र कित्येक पट वेगाने पळायचं. दहाच वर्षांपूर्वी ज्याने वेळ आणि अंतर पूर्ण बाजूला ठेवून संगणनाची व्याख्या केली, तोच आता एकेका आकड्याची जागा मोजून ठरवत होता. एसएलआयटीच्या तक्त्यामागची चिंता हीच आहे. फक्त पारा गेला आणि सिलिकॉन आलं.

सरकारी प्रयोगशाळेत काम पुढे सरकेना. कोण बांधणार, किती बांधायचं, यावर महिने गेले. ट्युरिंग युद्धात इलेक्ट्रॉनिक यंत्रं चालताना पाहून आला होता, पण ते गुपित होतं. त्यामुळे हे शक्य आहे हे मला माहीत आहे एवढंही तो बोलू शकत नव्हता. तो वैतागला की धावायला जायचा. १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. पुढच्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकमधला विजेता त्याच्यापेक्षा अकराच मिनिटांनी वेगवान होता. अखेर त्याने प्रयोगशाळा सोडली. छोटं पायलट एसीई १० मे १९५० रोजी चालू झालं, तेव्हा तो तिथे नव्हता.

मँचेस्टर

१९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. त्याच वर्षी २१ जूनला तिथल्या बेबी नावाच्या यंत्राने स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवला होता, जगात पहिल्यांदा. इथे मेमरी पाऱ्याची नव्हती, टीव्हीच्या पडद्यासारख्या नळ्यांची होती. कोणताही आकडा सारख्याच वेळात मिळायचा. पण त्या नळ्यांत मावायचं थोडं. उरलेलं फिरत्या चुंबकी ड्रमवर ठेवायचं आणि लागेल तसं आणायचं. जवळची आणि लांबची मेमरी पुन्हा आलीच. या घराण्यातल्या फेरांटी मार्क १ साठी ट्युरिंगने माहितीपुस्तिका लिहिली. त्याला ३२ च्या पायावर, उलट्या क्रमाने आकडे वाचण्याची इतकी सवय होती की बाकीच्यांनाही ते जमेल असं त्याने गृहीत धरलं. पुस्तिका वाचून अनेकांना घाम फुटला असणार.

याच सुमारास, १९४८-४९ मध्ये, आपल्याकडच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणकयंत्रांचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेत गेले होते. त्याच संस्थेत पुढे टीआयएफआरएसी हा संगणक बांधला गेला, १९६० मध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू झाला.

१९५० मध्ये ट्युरिंगने यंत्र विचार करू शकतं का यावरचा गाजलेला लेख लिहिला. पडद्यामागचं यंत्र आणि माणूस यांत उत्तरांवरून फरक करता आला नाही, तर यंत्राला बुद्धी नाही असं कशाच्या आधारे म्हणायचं? १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे रसायनांच्या गणिताने कसे उमटू शकतात यावर शोधनिबंध आला. जीवशास्त्रज्ञ आजही त्याच्याकडे परत जातात.

१९५२

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांत गेला. तपासात त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं निघालं आणि त्याने ते लपवलं नाही. इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता, १८८५ च्या कायद्याखाली. याच कलमाखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला होता. ३१ मार्चला ट्युरिंग दोषी ठरला. तुरुंग किंवा वर्षभर हार्मोनची सक्तीची उपचारयोजना, यांतून त्याने दुसरा पर्याय घेतला. शरीर बदललं. सरकारी गुप्त कामाची परवानगी गेली. युद्धात त्याने काय केलं होतं हे न्यायालयात उघडपणे सांगणं शक्यच नव्हतं. ब्लेचलीचं गुपित १९७४ पर्यंत लोकांसमोर नीट आलं नाही.

७ जून १९५४ रोजी विल्मस्लोच्या घरी सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. घरी तो सायनाइड वापरून मुलाम्याचे प्रयोग करत असे आणि हा अपघात होता, असं आईने शेवटपर्यंत मानलं. पलंगाशेजारचं अर्धवट खाल्लेलं सफरचंद कुणी तपासलंच नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या गोष्टी या गोष्टीच आहेत.

त्याच्या मृत्यूनंतर आठच वर्षांत, १९६२ मध्ये, मँचेस्टरमध्येच ॲटलस संगणक चालू झाला. जवळची आणि लांबची मेमरी प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकच दिसावी, अदलाबदल यंत्राने परस्पर करावी, ही सोय त्यात होती. व्हर्च्युअल मेमरी ती हीच. याच दशकात अमेरिकेत आयबीएमच्या लोकांनी एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवून दाखवली.

इंग्लंडने तो कायदा १९६७ पासून हळूहळू सैल केला. त्याच इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्यासाठी लिहिलेलं कलम ३७७ मात्र, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, सर्वोच्च न्यायालयाने रद्द करायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. ट्युरिंगबद्दल २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली आणि डिसेंबर २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर क्षमा दिली. २३ जून २०२१ रोजी, त्याच्या जन्मदिवशी, त्याचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आली. नोटेवर त्याची जन्मतारीख बायनरीत लिहिलेली फीत आहे, पायलट एसीईचं चित्र आहे आणि मागे, जरा फिकट छपाईत, १९३६ च्या निबंधातला एक तक्ता.